हा पैसा येतो कुठून? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

झटपट श्रीमंत करणाऱ्या योजनांविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांचा सारांश आणि त्यांची उत्तरे या वेळी देत आहोत. सर्वच पत्रलेखकांनी आपले नाव छापू नये अशी विनंती केली आहे. ती अर्थातच पाळली आहे. मात्र फसवणूक होऊनही संकोच फसलेल्यालाच का वाटावा, हा विचार ही उत्तरे लिहिताना सतत मनात होता.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. एका जुन्या सहकाऱ्याच्या शब्दावर विसंबून निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेचा मोठा भाग मी दरमहा ५ टक्के देणाऱ्या एका योजनेत ठेवला. आठ महिने झाले, पैसे ठरल्या तारखेला जमा होतात. मुलगा म्हणतो, "बाबा, ही फसवणूक आहे." ज्यांनी एकदाही शब्द मोडला नाही, त्यांच्यावर अविश्वास का दाखवायचा?

उत्तर : सर, आधी साधा हिशेब मांडू. आपण १०० ठेवले असतील, तर आठ महिन्यांत आपल्या हाती ४० आले. याचा अर्थ आपले स्वतःचे ६० अजून त्यांच्याकडेच आहेत, आणि विसावा महिना संपेपर्यंत ते आपल्याला जे काही देतील ते सगळे आपल्याच मुद्दलातून काढून दिलेले असू शकते. त्यासाठी त्यांना कोणताही व्यवसाय करावा लागत नाही, कुठेही नफा कमवावा लागत नाही. ज्याला आपण व्याज समजून दरमहा समाधानाने खर्च करत आहात, ती कदाचित आपलीच पुंजी आहे. वेळेवर येणारा हप्ता एवढेच सिद्ध करतो की त्यांच्याकडे आज पैसे आहेत. ते कुठून आले, हे त्यावरून कळत नाही.

आता दुसऱ्या बाजूने पाहा. दरमहा ५ टक्के मिळवून ते पुन्हा त्याच धंद्यात घातले, तर वर्षाला जवळपास ८० टक्के होतात आणि पाच वर्षांत मूळ रक्कम १८ पटींहून अधिक होते. असा धंदा ज्याच्या हाती खरोखर असेल, त्याला कोणतीही बँक त्याच्या नफ्याच्या तुलनेत अगदी किरकोळ व्याजाने कर्ज देईल. मग तो निवृत्त माणसांच्या दारोदार जाऊन त्यांची ठेव महागड्या दराने का गोळा करील? हा प्रश्न आपण त्या सहकाऱ्याला अवश्य विचारावा. तो बेइमान आहे असे मी म्हणत नाही. बहुधा त्यालाही हप्ते वेळेवर मिळत असतील आणि त्याच विश्वासाने त्याने आपल्याला सांगितले असेल.

ज्या माणसाच्या नावाने असल्या योजना आज ओळखल्या जातात, त्या चार्ल्स पाँझीची गोष्ट या संदर्भात पुन्हा सांगण्यासारखी आहे. १९२० साली अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात त्याने ४५ दिवसांत ५० टक्के नफा देण्याचे जाहीर केले. त्याने सांगितलेले कारण ऐकायला अगदी पटण्यासारखे होते. परदेशी पत्राला उत्तर यावे म्हणून पत्रासोबत एक आंतरराष्ट्रीय कूपन पाठवण्याची सोय टपालखात्यात होती. पहिल्या महायुद्धानंतर युरोपातल्या चलनांचा भाव कोसळलेला असल्याने तिथे ते कूपन स्वस्तात घेऊन अमेरिकेत त्याबदल्यात जास्त किमतीची तिकिटे मिळवता येत होती. कागदावर यात खोटे काहीच नव्हते. परंतु क्लॅरेन्स बॅरन या अर्थविषयक पत्रकाराने हिशेब मांडला, तेव्हा दिसले की पाँझीने गोळा केलेल्या पैशाला पुरायला सुमारे १६ कोटी कूपने चलनात असायला हवीत; प्रत्यक्षात चलनात होती सुमारे २७ हजार. ही बातमी छापून आल्यावर लोकांनी पैसे परत घेण्यासाठी रांगा लावल्या. पाँझीने रांगेतल्या लोकांना हसतमुखाने पैसे दिले, आणि ते पाहून कित्येक जण पैसे न घेताच माघारी गेले. ऑगस्ट १९२० मध्ये त्याला अटक झाली, तेव्हा सर्वाधिक नुकसान या माघारी गेलेल्या आणि उशिरा आलेल्या लोकांचेच झाले.

आपल्याला एकच गोष्ट सुचवतो. उद्याच संपूर्ण मुद्दल लेखी परत मागा आणि काय उत्तर मिळते ते नीट ऐका. "पुढच्या महिन्यात बघू", "आता काढलेत तर बोनस बुडेल", "आणखी थोडी भर घाला, दर ६ टक्के करून देतो" यांपैकी एखादे वाक्य कानावर आले, तर मुलाचे म्हणणे बरोबर आहे असे समजून पुढची पावले उचलावीत. त्यांच्या कार्यालयात भिंतीवर टांगलेल्या प्रमाणपत्राला काहीही किंमत देऊ नका. ठेवी स्वीकारण्याचा परवाना त्यांना आहे की नाही, हे परवाना देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडूनच थेट तपासून घ्या. तोपर्यंत एक पैसाही वाढवू नका आणि दुसऱ्या कोणालाही या योजनेत आणू नका.

प्रश्न : अडाणी, गरजू माणूस फसला तर समजू शकते. पण डॉक्टर, इंजिनीअर, बँकेतले अधिकारी यांनाही हे कळू नये? ही निव्वळ हाव नव्हे का?

उत्तर : हाव आहे, पण ती एकटी कधीच काम करत नाही, आणि शिक्षणाने ती कमी होते असा अनुभव नाही. १७२० साली लंडनमध्ये साउथ सी कंपनीच्या शेअरचा भाव वर्षाच्या सुरुवातीच्या सुमारे १२८ पौंडांवरून उन्हाळ्यात हजाराच्या घरात गेला आणि वर्ष संपेपर्यंत पुन्हा दोनशेच्या खाली आला. त्या वेळी सरकारी टांकसाळीचे प्रमुख असलेले आयझॅक न्यूटन यांनी सुरुवातीला आपले शेअर चांगल्या नफ्याने विकून टाकले होते. तिथेच ते थांबले असते, तर त्यांचे नाव या उत्तरात आले नसते. पण भाव चढतच राहिला, ज्यांनी विकले नव्हते ते अधिक श्रीमंत होताना दिसू लागले, आणि न्यूटन चढ्या भावाने पुन्हा आत शिरले. त्यात त्यांचे फार मोठे नुकसान झाले. गणितात त्यांच्या तोडीचा माणूस त्या काळात शोधूनही सापडला नसता. त्यांना पुन्हा आत ओढले ते इतरांच्या हाती दिसणाऱ्या नफ्याने. शेजाऱ्याला मिळाले आणि मला नाही, ही बोच गरिबीपेक्षाही माणसाला अधिक अस्वस्थ करते असे मला वाटते.

शिवाय प्रत्येक फसवणूक भडक आमिष दाखवूनच होते, ही समजूत सुशिक्षितांना विशेष महाग पडते. नॅस्डॅक या अमेरिकी शेअर बाजाराचे अध्यक्षपद भूषवलेला बर्नार्ड मॅडॉफ वर्षाला साधारण १० ते १२ टक्क्यांच्या आसपासच परतावा दाखवत असे. त्यात डोळे दिपण्यासारखे काहीच नव्हते. नवल होते ते परताव्याच्या सातत्याचे. बाजार वर जावो की खाली, त्याच्या ग्राहकांचा आलेख एकसारखा वर सरकत राहायचा. त्यातच तो कोणाचाही पैसा सहजासहजी घेत नसे. ओळख लागे, शिफारस लागे, त्यामुळे त्याने पैसे स्वीकारणे हाच मान समजला जाई. हॅरी मार्कोपोलोस या विश्लेषकाने २००० सालापासून नियामक संस्थेकडे त्याच्याविरुद्ध तक्रारी केल्या. मॅडॉफ जी पद्धत वापरत असल्याचे सांगत होता, तिच्यासाठी लागणारे व्यवहार इतके प्रचंड होते की संपूर्ण बाजारातही ते मावले नसते, हे त्याने आकड्यांनिशी मांडले. पण तक्रारींकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही. २००८ च्या मंदीत ग्राहकांनी एकाच वेळी सुमारे ७ अब्ज डॉलर परत मागितले, तेव्हा डिसेंबर महिन्यात सगळे उघड झाले. ग्राहकांच्या खात्यांवर कागदोपत्री सुमारे ६५ अब्ज डॉलर दिसत होते, आणि प्रत्यक्षात गुंतवणूक अशी केलेलीच नव्हती. मॅडॉफला १५० वर्षांची शिक्षा झाली.

यात पैसे ठेवणाऱ्यांमध्ये धर्मादाय संस्था होत्या, निवृत्त माणसे होती, एकाच समाजातले, एकमेकांच्या घरी जाणे-येणे असलेले लोक होते. त्यांना हावरट म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. आपण मात्र तसे म्हणतो, कारण त्यामुळे आपण स्वतः सुरक्षित आहोत असा दिलासा मिळतो: ते हावरट होते, मी नाही, म्हणून मी फसणार नाही. पुढच्या योजनेला नेमका असाच माणूस हवा असतो. आणि "हावरट" हा शिक्का बसण्याच्या भीतीने फसलेला माणूस गप्प राहतो, तक्रार करत नाही, शेजाऱ्याला सावध करत नाही. त्याच्या गप्प राहण्यामुळे योजनेला आणखी काही महिने मिळतात.

प्रश्न : माझ्या आत्येभावाने मला एका कंपनीत मेंबर व्हायला सांगितले आहे. मी सहा जण आणायचे, त्यांनी प्रत्येकी सहा, अशी साखळी. तो म्हणतो की इथे खरा माल विकला जातो, त्यामुळे ही फसवी स्कीम नाही. घरात सगळे त्याच्या बाजूने आहेत.

उत्तर : कागद-पेन्सिल घ्या आणि सहाला सहाने गुणत जा. पाचव्या पायरीवर ७,७७६ माणसे लागतात, दहाव्या पायरीवर सहा कोटींहून अधिक, आणि तेराव्या पायरीवर १३ अब्जांहून अधिक. जगाची लोकसंख्या आठ अब्जांच्या आसपास आहे. अर्थात साखळी इतकी लांब कधी जात नाही, ती आधीच तुटते. पण ती कोणत्याही पायरीवर तुटली, तरी त्या क्षणी तिच्यातल्या दर सहा माणसांपैकी जवळपास पाच जण सर्वांत खालच्या पायरीवर असतात आणि त्यांच्याखाली कोणीही नसते. मेहनत कमी पडली म्हणून ते खाली राहिले, असे त्यांना सांगितले जाते. ते खोटे आहे. त्या रचनेत बहुतेकांनी खाली राहणे हे पहिल्या दिवशीच ठरलेले असते.

माल आहे की नाही, यावरून निर्णय करू नका. तो माल साखळीत नसलेला, कमिशनची अपेक्षा नसलेला साधा ग्राहक त्याच किमतीला पुन्हा पुन्हा विकत घेतो का, हे पाहा. मेंबरनेच प्रवेशासाठी आणि दरमहाच्या टार्गेटसाठी पेट्या भरून माल घ्यायचा आणि तो त्याच्याच घरात पडून राहायचा, असे असेल तर तो माल म्हणजे प्रवेशशुल्काचे दुसरे रूप आहे. आत्येभावाला भांडणाच्या सुरात न विचारता एवढेच विचारा: "दादा, गेल्या सहा महिन्यांत तुझ्या हाती आलेल्या पैशांपैकी किती नवे मेंबर आणल्याबद्दल मिळाले, आणि तू स्वतः माल घ्यायला किती घातलेस?" दोन्ही आकडे त्याने एका कागदावर लिहिले, तर कदाचित त्यालाही ते पहिल्यांदाच शेजारी शेजारी दिसतील.

घरच्यांचा आग्रह हा यातला सर्वांत कठीण भाग आहे, हे मी जाणतो. या साखळ्या पहिली यादी करायला सांगतात ती नातेवाइकांची आणि मित्रांचीच, कारण तिथे नकार द्यायला जीभ रेटत नाही. नाते टिकवायचे असेल तर नकार आजच द्या. वर्षभराने पैसे बुडाल्यावर जो दुरावा येईल, तो आजच्या नाराजीपेक्षा फार खोल असेल.

प्रश्न : श्रीमंत व्हावेसे वाटणे हाच गुन्हा आहे का? आणि योग्य परतावा किती, हे सामान्य माणसाने कसे ठरवावे?

उत्तर : मुळीच नाही. परताव्याचा अंदाज घ्यायला ७२ चा ठोकताळा पुरेसा आहे: ७२ ला वार्षिक व्याजदराने भागले की पैसे दुप्पट व्हायला लागणारी वर्षे साधारणपणे मिळतात. ८ टक्क्यांना नऊ वर्षे लागतात, ६ टक्क्यांना बारा. कोणी एक-दोन वर्षांत हमखास दुप्पट करून देतो म्हणाला, तर तो कोणत्या दराचे बोलतो आहे ते लगेच कळेल. जास्त परतावा जगात मिळतो, पण तो बुडण्याची शक्यता सोबत घेऊनच येतो. दोन्हींपैकी फक्त पहिला भाग सांगणाऱ्याला आपण उभे करू नये.

प्रश्न : माझ्या पतींना एका ऑनलाइन ट्रेडिंगच्या ग्रुपमध्ये कोणीतरी जोडले. सुरुवातीला थोडे पैसे काढताही आले. मग त्यांनी मला न सांगता आमची बरीचशी बचत त्यात घातली. ॲपवर मोठा नफा दिसत होता, पण काढायला गेल्यावर "आधी कर भरा" म्हणाले. तोही त्यांनी भरला. आता ग्रुप बंद आहे. ते जेवत नाहीत, बोलत नाहीत. काल एका माणसाचा फोन आला की थोडी फी घेऊन तो सगळे पैसे परत मिळवून देईल. काय करावे?

उत्तर : ताई, सर्वांत आधी: त्या फोनवरच्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. फसलेल्यांच्या याद्या ठगांमध्ये फिरत असतात, आणि पैसे परत मिळवून देण्याच्या नावाखाली त्याच माणसाला दुसऱ्यांदा लुबाडणे हा त्यांचा नेहमीचा उद्योग आहे. पोलीस असोत वा बँक, आधी फी भरा मग बुडालेली रक्कम देतो, असे खरी यंत्रणा सांगत नाही.

दुसरे काम आजच करा. बँकेला कळवा आणि पोलिसांच्या सायबर शाखेकडे तक्रार नोंदवा. पैसे ज्या खात्यांत गेले तिथून ते फार वेगाने पुढे सरकवले जातात, म्हणून तक्रार जितकी लवकर होईल तितकी एखादे खाते गोठवले जाण्याची शक्यता अधिक. ग्रुपमधले संदेश, फोन क्रमांक, व्यवहारांचे तपशील, ॲपचे स्क्रीनशॉट यांतले काहीही पुसू नका. लाज वाटून लोक पहिल्यांदा हेच पुसून टाकतात.

त्या ॲपवर दिसणारा नफा कधी अस्तित्वातच नव्हता, तो फक्त पडद्यावर टाकलेला आकडा होता, हे त्यांना शांतपणे समजावून सांगा. त्यामुळे दुःख थोडे कमी होऊ शकते, कारण माणूस बहुधा घातलेल्या रकमेसोबत त्या काल्पनिक नफ्याचाही शोक करत असतो. सुरुवातीला थोडे पैसे काढू दिले गेले, ते विश्वास बसावा म्हणूनच. ग्रुपमध्ये रोज आपला नफा मिरवणारे सभासद अशा ठिकाणी बहुतेक ठगांचेच असतात. हे सारे ठरवून, सराईतपणे रचलेले असते, आणि त्या रचनेसमोर ते एकटे होते.

त्यांनी आपल्याला विचारले नाही याचा राग येणे अगदी रास्त आहे, आणि तो कधीतरी बोलूनही दाखवावा लागेल. पण तो आज नको. जेवणे आणि बोलणे थांबवलेल्या माणसाला एकटे सोडू नका; त्यांच्या विश्वासातल्या भावाला किंवा मित्राला बोलावून घ्या, आणि जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचे काही त्यांच्या तोंडून आले तर वेळ न दवडता डॉक्टरांकडे न्या. पैशांची मोजदाद नंतरही करता येईल.

प्रश्न : मी स्पष्टच लिहितो. मला ठाऊक आहे की मी जिथे पैसे घातले आहेत ती योजना कधीतरी बुडणार. पण मी लवकर आलो आहे आणि लवकर बाहेर पडणार आहे. माझा मेहुणा आणि दोन मित्रही माझ्यामुळे आले आहेत. ज्याला वेळ साधता येते त्याने नफा घेतला तर त्यात वाईट काय?

उत्तर : या अंकात ज्याला मी खरोखर हाव म्हणेन अशी एकच गोष्ट आहे, आणि ती आपल्या पत्रात आहे. वरच्या पत्रांतले लोक फसले, कारण त्यांनी विश्वास ठेवला. आपला त्या योजनेवर विश्वासच नाही. आपला भरवसा आहे तो आपल्यामागून कोणीतरी येईल आणि ते बुडतील यावर. अशा योजनेत नफा म्हणून जे मिळते ते दुसऱ्याचे मुद्दल असते. आपल्या बाबतीत त्या दुसऱ्यांपैकी तिघांची नावेही आपल्याला ठाऊक आहेत.

वेळ साधण्याविषयी म्हणाल, तर १९९७ साली अल्बेनियात काय झाले ते पाहा. सुमारे तीस लाख लोकसंख्येच्या त्या देशात जवळपास दोन तृतीयांश लोकांनी अशा योजनांत पैसे घातले होते, आणि योजनांची एकूण देणी देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या घरात पोहोचली होती. लोकांनी घरे विकली, शेतकऱ्यांनी जनावरे विकली. योजना बुडणार हे ओळखून असलेले लोकही त्यात असणारच, पण प्रत्येकाला आणखी एक हप्ता घेऊन निघायचे होते. योजना कोसळल्या तेव्हा देशात यादवी माजली आणि सुमारे २,००० माणसे मेली.

बाहेर पडलात तरी सुटलात असे नाही. मॅडॉफ प्रकरणात न्यायालयाने नेमलेल्या विश्वस्ताने, ज्यांनी घातल्यापेक्षा जास्त रक्कम काढली होती अशा शेकडो लोकांवर दावे लावले. खात्यावर दाखवलेला नफा काल्पनिक होता, म्हणून प्रत्येकाने घातलेले आणि काढलेले यांतला फरकच हिशेबात धरायचा, ही भूमिका न्यायालयांनीही मान्य केली. आपल्याला काही ठाऊक नव्हते असे सांगणाऱ्यांनाही पैसे परत करावे लागले. आपण तर ठाऊक असल्याचे स्वतःच्या हाताने लिहिले आहे.

आपले मुद्दल अजून परत मिळत असेल तर तेवढेच घ्या. त्याहून जास्त हाती आले असेल, तर ते वेगळे काढून ठेवा आणि वकिलाच्या सल्ल्याने तक्रारीसोबत जाहीर करा. मेहुण्याला आणि दोन्ही मित्रांना आजच फोन करा, आपल्याला जे ठाऊक आहे ते सगळे सांगा, आणि पैसे मागायला चौघेही एकाच वेळी जा.